उगवतीची भिंत

चाचा पहिल्या भेटीत माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. आधी वर बघत. घरात पाऊल टाकलं की त्यांची मान मागे जायची आणि पाणी पुढे करणारा माणूस तांब्या हातात धरून ताटकळत उभा राहायचा. पत्रा कुठल्या जाडीचा, खालचे पाईप किती अंतरावर, पाईप भिंतीत कसे धरलेत, स्क्रू किती आणि कुठे, एवढं सगळं बघून झालं की मग त्यांची नजर खाली यायची आणि घरमालकाला नमस्कार व्हायचा. नमस्काराला जोडूनच पुष्कळदा एक वाक्य यायचं, "हे पहिल्या वळवात जानार." त्यामुळे चाचांना घरी बोलावणं जरा जोखमीचंच होतं. आमच्या गावात एका घरी मुलगी बघायला पाहुणे आलेले असताना त्यांनी हे वाक्य उच्चारलं होतं. पाहुणे पुढचे सगळे पोहे वर बघत खात होते, असं मुलीचे वडील अजून सांगतात.

चाचा भिंगारचे. छावणीतल्या बराकींची छपरं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली आणि नगरपासून पाथर्डीपर्यंत गावोगाव पत्रे बसवत हिंडू लागले. अंगात खाकी रंगाचा, पण लष्करी नसलेला शर्ट, खांद्याला ताडपत्रीची पिशवी, पिशवीत पाने, ड्रिल आणि एक जोडी जाड मोज्यांची. पत्र्यावर ते मोजे घालून चढत. बुटानं पत्रा दबतो आणि अनवाणी पायाला भाजतो, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर लोकरी मोजे घालून चालणारा साठी ओलांडलेला माणूस बघायला आमच्या गावात सुरुवातीला गर्दी व्हायची.

मी तिसगावजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. चाचांशी माझा संबंध आला तो माझ्या बायकोच्या शेडमुळे. हे आधीच सांगून टाकतो की चाचांनी बसवलेला एकच पत्रा आजवर उडाला, आणि तो आमचा होता. तो का उडाला हे सांगायला मला दोन वर्षं लागली. या लेखात ते जरा लवकर सांगेन.

त्याआधी त्यांचं आणि दगडांचं भांडण सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पत्र्यावर वजन ठेवतात. दगड तर असतातच, शिवाय फुटका पाटा, ट्रॅक्टरचं गेलेलं टायर, मोडकी खाट, नांगराचा फाळ, जे जे खाली नकोसं झालं ते वर जातं. एखाद्या घराचा मागच्या वीस वर्षांचा संसार बघायचा असेल तर शेजारच्या टाकीवर चढून त्याचं छप्पर बघावं. चाचांना हे बघवत नसे.

"वारं दगडाला भीत न्हाई," ते म्हणायचे. "पत्रा घेऊन जातं अन् दगड तुमच्या डोक्यात टाकून जातं."

नुसतं म्हणून थांबले असते तर लोकांनी ऐकून घेतलं असतं. पण ते रस्त्यानं जाताना सरळ अनोळखी घरावर चढत आणि दगड खाली काढायला लागत. एकदा गावाच्या कडेचं एक कुटुंब ऊसतोडीला गेलेलं होतं. घराला कुलूप. चाचांनी त्या घरावरचे सगळे दगड उतरवले, दाराशेजारी ओळीनं रचून ठेवले आणि स्वतःच्या पिशवीतले स्क्रू वापरून चारी कडा पक्क्या करून टाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर ते कुटुंब परत आलं. आपले दगड खाली रचलेले बघून घरच्या माणसाला वाटलं, कुणीतरी पत्रे चोरायची तयारी करून ठेवली आहे. तो दोन दिवस पारावर उभा राहून नाव न घेता शिव्या देत होता. मग कुणीतरी त्याला खरं काय ते सांगितलं. तो घरी गेला, वर चढला, स्क्रू हलवून बघितले, खूश झाला, आणि सगळे दगड पुन्हा वर नेऊन ठेवले.

"असू द्या की चाचा," तो म्हणाला. "दोन्ही असल्यालं बरं."

चाचा त्याच्याशी पुढे वर्षभर बोलले नाहीत. तो मात्र त्यांना भेटला की वाकून नमस्कार करायचा, त्याचा त्यांना आणखी राग यायचा.

आता शेडचं. माझी बायको शिवणकाम करते. आधी घरातल्या एका खोलीत दोन मशिनी होत्या. मग आसपासच्या शाळांच्या गणवेशांची कामं मिळायला लागली, बायका वाढल्या, मशिनी वाढल्या, आणि घराशेजारच्या जागेत शेड बांधायचं ठरलं. पूर्व-पश्चिम लांब, पूर्वेकडे रस्ता, पश्चिमेकडे आमचं अंगण. तिनं चाचांना बोलावलं. मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होतो, कारण तो लगेच यायला तयार होता आणि चाचा लगेच तयार होत नसत.

तयार होण्याआधी ते एक दिवस येऊन नुसते बसत. सकाळच्या एसटीनं आले, जागेवर एक बाभूळ होती तिच्याखाली पेपर टाकून बसले. दुपारी भाकरी खाल्ली. चार वाजता उठले आणि विचारलं, "शेजारी सगळ्यात म्हातारी बाई कोन हाय?"

मला वाटलं काही नवस वगैरे असेल. मी त्यांना शेजारच्या काकूंकडे घेऊन गेलो. काकूंचं वय त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. चाचा त्यांच्यापुढे जमिनीवर बसले.

"मावशी, तुमच्या टायमाला खळ्यावर उफनताना वारं कुनीकडनं घ्यायच्या?"

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नसावं. मळणीयंत्र आल्यापासून तर उफणणी, म्हणजे वाऱ्यावर धान्यातलं भूस उडवणं, हा शब्दही गावातून गेला होता.

"सकाळचं वारं मावळतीचं," त्या म्हणाल्या. "त्येच्यावर उफनायचं. पन दुपार टळली अन् उगवतीकडं धुरळा दिसला की हातातली पाटी टाकायची अन् खळं झाकायचं."

"झाकायला येळ किती मिळायचा?"

"पदर सावरंस्तवर."

चाचांनी मान हलवली. एवढ्यावर ते उठले. परत येताना मी विचारलं, हे पुरुषांना का नाही विचारलं. ते म्हणाले, "गडी मानसं समदं वारं आपल्याच बाजूनं सांगतात." याचा अर्थ मला नीटसा कळला नाही, पण पटला.

त्यांची पद्धत त्यातून ठरली. आमच्या इथे वळवाचं वारं पूर्वेकडून येतं, म्हणून त्यांनी पत्रे लावायला पश्चिमेकडून सुरुवात केली. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढते ना, ती उघडी कड वाऱ्याकडे तोंड करून असेल तर वाऱ्याला बोट घालायला जागा मिळते. पश्चिमेकडून लावत पूर्वेला आलं की प्रत्येक कड वाऱ्याला पाठमोरी राहते. हे ऐकायला सोपं आहे. पण कामाची सुरुवात मावळतीच्या दिशेनं करायची म्हटल्यावर माझ्या सासुरवाडीची माणसं उभी राहिली. माझे मेहुणे वास्तुशास्त्राचे जाणकार आहेत. जाणकार म्हणजे त्यांनी स्वतःच्या घराची तीन दारं बुजवली आहेत. ते म्हणाले, मावळतीकडून आरंभ म्हणजे अपशकुन.

"सायेब, पावसाळ्याचं वारं रोजचं हाय, सरळ हाय," चाचा त्यांना म्हणाले. "वळीव वर्सातनं दोनदा येतो, पन घर मागतो. त्येला पाठ दाखवून चालायचं."

मेहुण्यांनी तेवढ्यापुरता नाद सोडला. मात्र ते विसरले नाहीत.

बाकीही त्यांचं सगळं असंच होतं. पत्रा भिंतीबाहेर वीतभरच काढू दिला. बायकोला सावलीसाठी हातभर हवा होता. चाचांनी अंगणाच्या बाजूला वेगळी पडवी करून दिली, मुख्य छपराला न जोडता. "ही गेली तर एकटी जाईल," म्हणाले. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना स्क्रू दाट, मधे विरळ. प्रत्येक स्क्रू उंचवट्यावर, खाली रबरी वायसर. वायसर पिळून चपटा झाला की ते काढून नवीन लावत, स्वतःशी चुकचुकत. पाईप खांबांना, खांब पायाच्या काँक्रीटमधल्या बोल्टांना. मी खाली उभा राहून बघत होतो. विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे काहीतरी विचारणं भाग होतं.

"एवढं दाट कशाला चाचा? वजन तर आहे की पत्र्याला."

"वारं ढकलत न्हाई, सर. उचलतं."

"हो हो," मी म्हणालो. "वर दाब कमी होतो. दाबाचा फरक."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे आदरानं बघितलं. पहिल्यांदाच बघितलं असावं.

"मंग तुमाला काय सांगायचं," ते म्हणाले. "तुमाला समदं ठाऊकच हाय."

ठाऊक होतंच. वीसेक वर्षं मी वर्गात कागदाची पट्टी ओठांशी धरून तिच्यावरून फुंकर मारत आलो आहे. पट्टी वर उचलली जाते, मुलं हसतात, मी फळ्यावर दोन ओळी लिहितो, तास संपतो. त्या प्रयोगाचा माझ्या बायकोच्या शेडशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही. पण त्या दिवशी मी "हो हो" म्हणालो, आणि त्यामुळे चाचांनी मला पुढचं काही समजावून सांगितलं नाही. जाताना फक्त पूर्वेकडच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "सर, ह्या उगवतीच्या भिंतीला हात लावू नका. काय काढायचं झालं तर आधी मला फोन करा."

मी पुन्हा हो म्हणालो. त्यांच्या मोज्यांसारखंच हेही एक खूळ असेल, असं धरून चाललो.

आमच्याकडे छप्पर झालं की मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतात. चाचा ती त्या दिवशी घेत नसत. "पहिला वळीव होऊ द्या," म्हणत. मग वळीव पडून गेल्यावर दोन-चार दिवसांत ते आपणहून येत. कुणी बोलावलेलं नसे. आपण बसवलेल्या प्रत्येक घराखाली जाऊन वर बघत, एखादा स्क्रू आवळत, आणि मगच टॉवेल खांद्यावर टाकून घेत. पहिल्या वर्षी आमच्याकडेही आले. पत्रा जागचा हलला नव्हता. बायकोनं त्यांना चांगला जाड पिवळा टॉवेल दिला. मला आठवतं, त्यांनी तो घडी मोडून बघितला आणि परत नीट घडी घातली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मेहुणे आले. शेडमध्ये उभे राहून त्यांनी चारी दिशांना हात केले आणि निदान केलं की लक्ष्मी रस्त्यावरून येते आणि या भिंतीला डोकं आपटून परत जाते. पूर्वेला दार हवं. माझा वास्तूवर विश्वास नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मग मीच म्हणालो की तसंही टेम्पो रस्त्यावरच थांबतो, गठ्ठे अंगणातून फिरवून न्यावे लागतात, तेव्हा सोयीसाठी म्हणून पूर्वेला शटर काढायला हरकत नाही. श्रद्धाळू माणसं अंधश्रद्धा पाळतात. शिकलेली माणसं तीच सोयीसाठी म्हणून पाळतात.

"चाचांना फोन करा आधी," बायको म्हणाली.

"भिंत फोडायला चाचा कशाला लागतात? ते पत्र्याचे आहेत," मी म्हणालो. चांगलं आठ फुटी शटर बसलं. मेहुण्यांनी त्याला कुंकू लावलं.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी चारचा सुमार. जूनच्या शाळांसाठी गणवेशांचे गठ्ठे तयार होते, टेम्पो रस्त्यावर लागला होता, शटर पूर्ण वर होतं. बायका गठ्ठे उचलून नेत होत्या. पूर्वेकडे आकाश मातकट दिसायला लागलं. टेम्पोवाला म्हणाला, जरा थांबू. मी म्हणालो, उरकून घ्या, दहाच गठ्ठे राहिलेत. काकूंनी सांगितला होता तेवढाच वेळ मिळाला. धुरळा आला, आणि समोरचं आठ फुटी तोंड उघडं बघून वारं आत शिरलं. पश्चिमेकडे एक लहान दार, तेही लावलेलं. आत शिरलेल्याला जायला जागा नव्हती. वरून ओढत होतंच, आता खालून ढकलायलाही लागलं. बायका पश्चिमेच्या दारातून पळाल्या. छपराचा पूर्वेकडचा निम्मा भाग पाईपांसकट उठला, आडवा झाला आणि अंगणापलीकडच्या रानात जाऊन पडला. वेगळी केलेली पडवी जागच्या जागी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. पण मागोमाग पाऊस आला. तयार गणवेश भिजले, चिखलात गेले, उडाले. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या बाभळींवर निळ्या अर्ध्या चड्ड्या लटकत होत्या. बायको एकेक काढून आणत होती आणि रडत होती. तिचं रडणं मी त्याआधी क्वचितच बघितलं होतं.

गाव जमलं. मी काय सांगितलं? मी सांगितलं, "निसर्गापुढं काय चालतंय." हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणून फार सोयीचं होतं. लोकांनी त्याचा आपापला अर्थ लावला. संध्याकाळपर्यंत तिसगावच्या बाजारात बातमी होती, चाचाचा पत्रा उडाला.

चाचा सकाळच्या एसटीनं आले. दारात उभे राहून नेहमीप्रमाणे वर बघितलं. वर आभाळ होतं. मग रानात जाऊन पडलेला सांगाडा बघितला. स्क्रू एकही निघाला नव्हता. स्क्रूंनी पत्रे धरून ठेवले होते, पत्र्यांनी पाईप, आणि सगळं मिळून उपटून गेलं होतं. ते परत आले आणि शटरसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे होते. गावातली पंधरा-वीस माणसं भोवती होती. मी त्यांच्या शेजारी होतो.

"चाचा, काय झालं हो?" कुणीतरी विचारलं. "तुमचा पत्रा तर जात नव्हता."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी शटरच्या पट्ट्या मोजत होतो.

"चूक माझी हाय," चाचा म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. चाचांनी पिशवीतून पिवळा टॉवेल काढला, तोच, अजून कोरा, आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो ठेवा," म्हणाले. आणि मी तो घेतला. आजही माझ्या मनात येतं की हात मागे घ्यायला किती थोडी ताकद लागली असती. चाचा चहा न घेता निघून गेले. लोक म्हणाले, माणूस मोठ्या मनाचा, कबूल तरी केलं. मलाही तसंच वाटलं. त्यांच्या मोठ्या मनाचं मला इतकं कौतुक वाटलं की माझं मन केवढं होतं हे बघायचं राहूनच गेलं.

बायको त्या रात्री एकच वाक्य बोलली, "टॉवेल घेतलात तुम्ही." आठवड्यात तिनं शटर काढायला लावलं, तिथे वीट चढवली आणि दुसऱ्या माणसाकडून छप्पर करून घेतलं. भिंतीला रंग दिला. बांधलेला भाग नीट बघितलं तर अजून ओळखू येतो.

महिन्याभरात गावातले दगड परत वर चढले. चाचांनी काढायला लावलेले, त्यांच्या ओरडण्याला कंटाळून काढलेले, सगळे. टायरं गेली, पाटे गेले. पुढच्या वर्षी वळीव पडून गेला तरी ते घरं बघायला आले नाहीत. आमच्या बाजूची कामं त्यांना मिळेनाशी झाली होती, हे मला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. जूनमध्ये मी वर्गात कागदाच्या पट्टीचा प्रयोग घाईघाईत उरकला.

असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस शाळेतून घरी आलो आणि फोन वाजला. काष्टीचे एक गृहस्थ मंगल कार्यालय बांधत होते. मोठं छप्पर, बाजूला मोकळं रान. चाचांना काम द्यावं का, असं विचारत होते.

"तुमच्याकडं उडाला होता म्हनं त्यांचा पत्रा."

आता सांगायचं, असं मी ठरवलं आणि तोंड उघडलं. तोंडातून आलं, "माणूस चांगला आहे."

आपल्याकडे एखाद्याच्या कामाबद्दल विचारलं असता त्याच्या माणुसकीबद्दल सांगितलं की त्या कामाचं काय झालं असेल हे ऐकणाऱ्याला कळतं. काष्टीच्या गृहस्थांनाही कळलं.

"बरं बरं," ते म्हणाले. "त्यांनी दुसरं कुनाचंच नाव दिलं न्हाई, म्हनून तुमाला तरास दिला. म्हनले, उडाल्याल्या पत्र्याचं सरांना इचारा. ते सांगतेन समदं."

फोन ठेवल्यावर बघतो तर बायको दारात उभी.

"माणूस चांगला आहे म्हणजे काय हो?" ती म्हणाली. "मी लोकांपुढं रोज तुमच्याबद्दल तेच म्हणते."

पेपर तपासायचे आहेत, हे कारण मला चार दिवस पुरलं. पाचव्या दिवशी मी मोटारसायकल काढली आणि काष्टीला गेलो. कार्यालय गावाबाहेर होतं. छपराचा सांगाडा उभा होता आणि वर दुसरीच माणसं पत्रे चढवत होती, पायात बूट घालून. मालक सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मी माझी ओळख दिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भिंत, शटर, मेहुणे, टेम्पो, टॉवेल. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"परवा ठरवून टाकलं मी," ते म्हणाले. "म्हातारा चांगला वाटला हुता. दिवसभर हितं बसून गेल्ता." मग थोडं थांबून म्हणाले, "सर, हे फोनवर सांगायला किती येळ लागला असता?"

परत फिरलो तो घरी न जाता भिंगारला गेलो. मला माझी लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. आता माफी मागायची, ते मोठ्या मनानं माफ करतील, मग आपण डोळे पुसत परत यायचं, असं काहीसं मी वाटेत जुळवत होतो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. चाचा ओट्यावर खाटेवर बसले होते, गुडघ्याला फडकं बांधलेलं. शेजारच्या ओट्यावर दोघं-तिघं गप्पा मारत होते. चाचांनी मला बघितलं, या म्हणाले नाहीत, फक्त पाय जरा आखडून घेतला. मी खाटेच्या कडेला टेकलो आणि सांगून टाकलं की काष्टीला जाऊन आलो, खरं काय ते सांगितलं, पण उशीर झाला होता. काम गेलं.

"ठाऊक हाय," चाचा म्हणाले.

"चाचा, तुम्ही त्या दिवशी चूक स्वतःवर घेतलीत," मी म्हणालो. "माझी अब्रू राखलीत. एवढं मोठं मन..."

"कुनी घेतली?" चाचा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"सर, वडीलधारा मानूस चार लोकांत म्हनतो, चूक माझी हाय. मंग समोरच्यानं काय म्हनायचं आसतं?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. जेवायला वाढताना "बस" म्हणणाऱ्याला आणखी एक वाढतात, तितकं ते ठरलेलं आहे.

"'न्हाई चाचा' म्हनायचं आसतं," ते म्हणाले. "मी म्हनलं, सर शिकल्याले हायेत, एकदम कसं सांगतेन, मी सुरुवात करून द्यावी. म्हनून म्हनलो. तुमी खरंच घेतलं. मंग म्हनलं टावेल देऊन बघू. टावेल बी घेतला." ते थोडा वेळ गुडघा चोळत राहिले. "छावनीत येवढी वर्सं काढली, येक पत्रा गेला न्हाई. मंग तुमच्या नावावर काष्टीचा मानूस धाडला. म्हनलं आता तरी म्हनतेन."

मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो.

"आता म्हना," चाचा म्हणाले.

"काय?"

"तेच."

मी खाली बघून म्हणालो, "नाही चाचा. चूक माझी होती."

"मोठ्यानं."

शेजारच्या ओट्यावरच्या गप्पा थांबल्या होत्या. वीस वर्षं मी रोज कुणाला तरी म्हणत आलो आहे, उभा राहा, मोठ्यानं सांग, शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे. मी खाटेवरून उठलो, हात बाजूला घेतले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली. चाचांनी मला मधे दोनदा थांबवलं, एकदा मेहुण्यांचा भाग राहिला म्हणून, आणि एकदा शटर आठ फुटी होतं हे सांगायचं राहिलं म्हणून.